पुढील आयुष्य : तीस वर्षे

मूल्यांकनकारांच्या संस्थेने गेल्या महिन्यात मला नव्या उमेदवारांसमोर बोलायला बोलावलं होतं. विषय त्यांनीच ठरवलेला : 'परवानाधारक मूल्यांकनकार कसे व्हावे'. सांगलीच्या त्या सभागृहात साठेक मुलंमुली वह्या उघडून बसली होती. मी त्यांना हवं होतं ते सांगितलं. स्थापत्याची पदवी किंवा पदविका, परवाना असलेल्या माणसाच्या हाताखाली दोन वर्षं, पन्नास अहवाल, लेखी परीक्षा, आणि शेवटी सोडतीत मिळालेल्या एका मिळकतीचा स्वतःच्या जबाबदारीवर केलेला अहवाल. तो मंजूर झाला की परवाना हातात. लेखी परीक्षेला फार घाबरू नका, असंही सांगितलं. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ मिळालं.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला सोडतीत काय आलं होतं?"

"इचलकरंजीतली एक इमारत," मी म्हटलं. "खाली यंत्रमाग, वर राहती जागा. साधीच होती."

ती 'आहे'ची 'होती' कशी झाली, ते मी तिथे सांगितलं नाही. संस्थेने चहा ठेवला होता आणि मुलांचे चेहरे फार उत्साही होते. पण कुठल्या तरी कागदावर ते यायला हवं, म्हणून इथे लिहिते.

मी इचलकरंजीच्या भूपाल बिरनाळ्यांची थोरली मुलगी, पद्मजा. लग्नानंतर मिरजेची आवटी झाले. मुलं आपली आपण शाळेत जायला लागली तेव्हा मला छत्तिसावं लागलं होतं आणि पदविका ट्रंकेत पडून होती. ती काढली आणि सातपुतेसरांच्या कार्यालयात उमेदवार म्हणून गेले. "या वयात उमेदवारी म्हणजे निवडणुकीचीच," असं म्हणून ते हसले. पण खिडकीजवळचं टेबल दिलं.

उत्तम सातपुते तेव्हा सत्तरीला आले होते. जिल्ह्यातल्या निम्म्या घरांच्या भिंती त्यांनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्या असतील. घरात शिरले की आधी जिन्याच्या पोटाखाली बघायचे, मग गच्चीवरच्या टाकीखाली, आणि मग घरातल्या बाईंना विचारायचे, "पन्हळ शेवटचं कधी साफ केलंत?" त्यानंतर चहा. अहवालात 'इमारतीचे पुढील आयुष्य' असा एक रकाना असतो. त्यात सर बहुतेक वेळा एकच आकडा लिहायचे : तीस वर्षे. "बँकेला पंचवीस लागतात, वरची पाच माझ्याकडून," असं त्यांचं स्पष्टीकरण. बँकांतली माणसं त्याला 'सातपुत्यांची तीस' म्हणत आणि पाठीमागे हसत. मीही हसले आहे.

त्या आकड्याखाली एक छापील ओळ असायची : 'योग्य देखभाल झाल्यास.' सर घरमालकाला समोर बसवून ती ओळ मोठ्याने वाचायला लावत. माणसं आधी लाजत, मग वाचत.

"काय अट आहे?" सर पुन्हा विचारत.

"योग्य देखभाल झाल्यास."

"मग ती टाकी बदला. नाहीतर माझी तीस खोटी पडतील आणि लोक मला नावं ठेवतील."

दोन महिन्यांनी सर आपण होऊन बघून यायचे. बऱ्याच जणांनी टाकी बदललेली असायची. तीस हा मोजून काढलेला आकडा नव्हताच. तो दोघांनी मिळून दिलेला शब्द होता, आणि हे मला समजलं तेव्हा समजून काही उपयोग उरला नव्हता.

मग पाटी आली, इमारतीचं उरलेलं आयुष्य मोजणारं यंत्र.

पाटीचं शास्त्र तसं सोपं आहे. अवकाशातून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात आणि त्यातून म्यूऑन नावाचे कण तयार होऊन खाली येतात. छप्पर, माणूस, जमीन, सगळ्यांतून ते आरपार जातात. तुमच्या तळहातातून आत्ताही सेकंदाला एकदोन जात असतील. वाटेत जड पदार्थ लागला की त्यांची वाट किंचित वाकते. लोखंडात जास्त वाकते, सिमेंटमध्ये कमी, गंजात या दोहोंच्या दरम्यान. खांबाच्या दोन बाजूंना पाटीचे दोन भाग लावायचे आणि तिरक्या येणाऱ्या प्रत्येक कणाची आत शिरतानाची आणि बाहेर पडतानाची दिशा टिपायची. मग खांब न फोडता आतल्या सळ्या दिसतात. कुठली सळी गंजाने किती खाल्ली आहे तेही दिसतं. कण मोजकेच असल्यामुळे एवढं दिसायला तीन दिवस लागतात. पाटीत इमारतीची थरथर ऐकणारा एक भागही असतो. प्रत्येक इमारत आपल्या लयीत हलते आणि दुबळी होत गेली की ती लय मंदावते. सळ्या आणि थरथर यांचा ताळा देशभरात आजवर पडलेल्या हजारो इमारतींच्या नोंदींशी घालून पाटी आकडा देते. वर्षं आणि महिने.

कायदा झाला तो असा : पाटीचा आकडा सरकारी नोंदीत आपोआप चढणार, कुणालाही बघता येणार, आणि घराच्या दारावर त्याची पट्टी लागणार. आकडा आठच्या आत आला तर नव्वद दिवसांत इमारत रिकामी करायची. 'योग्य देखभाल झाल्यास' ही ओळ फॉर्मवरून काढून टाकली. मोजलेल्या गोष्टीला अट कसली, असं त्या समितीचं म्हणणं पडलं, आणि मला ते तेव्हा अगदी पटलं होतं.

वर्षभरात लोकांच्या बोलण्यात आकडे आले. मुलगा चांगला आहे, पण घर चौदाचं आहे. बारा वर्षं उरलेल्या घराला रंग काढायला गेलेला रंगारीच विचारायला लागला, कशाला रंगवताय? सातपुतेसर जुन्या यादीतली घरं एकेक करून बघून यायचे. एकदा आले आणि छत्री कोपऱ्यात उभी करत म्हणाले, "आवटीबाई, आकडा लागल्यावर घराला चुना कोण लावतंय? चुना लागतोय तो मालकाला."

"पण सर, पाटीचे आकडे खरे ठरतायत," मी म्हटलं.

"ठरणारच. मरणार म्हणून सांगितलेल्या माणसाला जेवायला वाढायचं बंद केलं, तर वैद्याचं भाकीत चुकेल कसं?"

मी मान डोलावली आणि पाटीच्या परीक्षेची तयारी करत बसले. सरांनी आपला परवाना नव्याने करून घेतला नाही.

लेखी परीक्षेत मी जिल्ह्यात तिसरी आले. आठवड्याने सोडतीचा निरोप आला. मिळकत इचलकरंजी गावभागातली, तळमजला अधिक एक, वापर यंत्रमाग आणि निवास. मालकाचं नाव भूपाल आदगोंडा बिरनाळे. मी ते दोनदा वाचलं.

नातेवाइकांच्या मिळकती सोडतीतून आधीच वगळलेल्या असतात, असं आम्हाला वर्गात सांगितलेलं. मी संस्थेत फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे माहिती काढली. यंत्रणा नातं बघत नाही, हक्क बघते. जमिनीच्या नोंदींत तुमचं नाव आहे का, एवढंच तपासते. "तुमचं अकरा वर्षांपूर्वीचं हक्कसोडपत्र आहे इथं," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुमचा त्या मिळकतीशी संबंध येत नाही. नको असेल तर नकार देता येईल. मग पुढची संधी दोन वर्षांनी, आणि ही मिळकत दुसऱ्या उमेदवाराकडे जाईल."

हक्कसोडपत्र. आई गेल्यावर आप्पांनी सगळं धाकट्या जिनपालच्या नावे सोपं करायचं ठरवलं, आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या बहिणी करतात तेच मी केलं. निबंधकाच्या कचेरीत अंगठा आणि सही दिली, घरी येऊन जेवले, आप्पांनी घेतलेली मोरपंखी इरकल नेसून परतीच्या बसमध्ये बसले. मनात काही आलं नाही. घर सोडलं असं तर मुळीच वाटलं नाही, कागद केला एवढंच वाटलं.

जिनपालला फोन लावला.

"आपल्याच घराला तू चालतीस व्हय, अक्का?" त्याने विचारलं.

"कागदावर माझं काही नाही तिथं. हक्कसोड केलंय की मी."

मागे माग खडखडत होते. तो म्हणाला, "ते तसल्यासाठी न्हवतं, अक्का."

सातपुतेसरांनी सरळ सांगितलं, नकार दे. दोन वर्षं जातात, काही बिघडत नाही. पण मी अडतीस वर्षांची झाले होते. पुन्हा दोन वर्षं चहा आणि टंकलेखन करायचं माझ्या जिवावर आलं. वर मनाशी एक समजूत करून घेतली : मी नाही गेले तर दुसरा कुणी जाईलच, आणि आकडा तर पाटी देते, माणूस नाही. मग घरचं माणूस असलेलं काय वाईट?

आप्पांनाही तसंच वाटलं. "परक्या माणसानं येऊन खांब ठोकत बसण्यापरीस तू आलेली बरी," ते फोनवर म्हणाले. "कवा येतीयस?"

"सोमवारी येतो, आप्पा." आमच्याकडे बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात, मिरजेत मी ती सवय मोडली होती, पण आप्पांशी बोलताना ती परत येते.

सोमवारी सकाळी पाटीचं खोकं घेऊन मी माहेरी गेले. आप्पांनी दारातच शेजारच्या दोघांना बोलावून ठेवलं होतं. "माझी थोरली. सरकारी मोजणीला आलीय," त्यांनी सांगितलं. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, कानाने अर्धे गेलेले, मागाच्या आवाजात आयुष्य काढलेल्या सगळ्यांसारखे. जिनपालच्या बायकोने मला पाटावर बसवून चहा दिला. मला बरं वाटत होतं, हे कबूल करते.

खाली बारा माग. प्रत्येकाचा खडखडाट दुसऱ्याच्या थोडा पुढे, थोडा मागे. पण दिवसातून पाच-सात वेळा सगळ्यांचे ठोके हळूहळू जवळ येतात आणि मिनिटभर बाराही माग एकदम ठोका देतात. वरच्या मजल्यावर फळीवरची भांडी वाजायला लागतात, जमीन तळपायाला लागते. आमच्या घरात त्याला 'भेट' म्हणत. भेट आली की आप्पा असतील तिथून उठत, खाली जात, कोपऱ्यातल्या मागाचं हँडल ओढून तो बंद करत, थोडं थांबत आणि पुन्हा चालू करत. तेवढ्याने भेट मोडायची. जेवता जेवता उठत, पाहुण्यांपुढून उठत. सगळ्यांचेच वडील जेवताना मधेच उठतात, असं मला लहानपणी वाटायचं. कान गेल्यावरही त्यांना भेट कळायची, पायांना कळायची.

माझ्या हातातल्या सूचनापत्रात लिहिलं होतं : मोजणीच्या काळात इमारतीच्या नेहमीच्या कंपनांत माणसाने हस्तक्षेप करू नये.

"म्हंजे भेट आली तर?" आप्पांनी विचारलं.

"येऊ दे. तुम्ही उठायचं नाही."

"तीन दिवस?"

"तीनच दिवस, आप्पा."

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतीयस तर."

पाटी सोळापैकी चार खांबांना लावायची असते. कुठले चार, ते उमेदवार ठरवतो. नजरेला जे दुबळे वाटतील ते. जिनपाल माझ्यामागे फिरत होता. उत्तरेच्या बाजूची भिंत त्याने सहा वर्षांपूर्वी नवी बांधली होती. "हितले चारी घे की," तो हळूच म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

मी त्याला नियम सांगितला, आणि जरा ताठ्यातच सांगितला. मग सरळ कोपऱ्यातल्या मागापाशी गेले आणि त्याच्यामागचं सुताच्या कांड्यांचं लाकडी कपाट दोघांना धरून बाजूला सरकवायला लावलं. त्या कपाटामागच्या खांबाला मी नऊ वर्षांची असताना तडा गेला होता. आप्पांनी स्वतः सिमेंट कालवून तो बुजवला होता. मीच थापी धरून उभी होते.

तीन दिवस आप्पा खाटेवर बसून राहिले. भेट आली की भांडी वाजायची आणि ते दोन्ही हात काखेत घट्ट धरायचे. एकदा उठले, अर्ध्या जिन्यापर्यंत गेले आणि माझ्याकडे बघून परत वर आले. मी मांडीवर तक्ते घेऊन बसले होते. त्या क्षणी उठून त्यांना म्हणायला हवं होतं, जावा आप्पा, मोडा भेट, खड्ड्यात गेली मोजणी. मी म्हटलं नाही.

गुरुवारी दुपारी पाटीवर आकडा आला. सहा वर्षे, एक महिना.

"किती आलं?" आप्पांनी विचारलं.

"सहा."

"साठ?"

"सहा, आप्पा."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सातपुत्यांनी तीस दिलीवती," ते म्हणाले. "मिरजेचे ते. बावीस वर्सं झाली त्याला. मोठ्यानं वाचाया लावलंवतं माझ्याकडनं. योग्य देखभाल झाल्यास." मग माझ्याकडे पाहिलं. "मी केली की गं देखभाल."

"केलीत, आप्पा."

"मग?"

कोपऱ्यातला खांब आतून गंजला होता हे खरं. भेटीचा हिसका नेमका त्याच्यावर बसत होता हेही खरं. आणि चाळीस वर्षं एक माणूस ताटावरून उठून तो हिसका मोडत आला होता, म्हणून घर उभं होतं, हे तितकंच खरं. पाटीत पहिल्या दोन गोष्टींसाठी रकाने होते. आप्पांसाठी नव्हता.

"आता मोजायची रीत बदललीय," मी म्हटलं.

अहवाल संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. मी पाठवला नसता तर चाललं असतं. परवाना हुकला असता, एवढंच. पण मला भीतीही वाटत होती. खाली बारा माणसं राबत होती, वर जिनपालची दोन मुलं होती, आणि आकडा बघितल्यावर तो न बघितल्यासारखं करणं मला जमेना. आणि परवाना हवा होता. दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं किती, ते मला आजही सांगता येत नाही. शेवटच्या पानावर प्रतिज्ञापत्र होतं : 'सदर मिळकतीशी माझा कोणताही संबंध वा हितसंबंध नाही.' मी अंगठा टेकवला. दुसऱ्यांदा त्याच घरासाठी.

नव्वद दिवसांत सगळं झालं. माग भंगारात गेले, फक्त दोन जिनपालने गावाबाहेरच्या एका भाड्याच्या शेडमध्ये नेले आणि पुढे तेही विकून तो कापडाच्या गिरणीत कामाला लागला. दारावर लाल पट्टी लागली. आप्पांना मी मिरजेला आणलं. माझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, दारावर हिरवी पट्टी, चव्वेचाळीस वर्षे. जिनपाल माझ्याशी भांडला नाही. दिवाळीला फोन करतो, तब्येत विचारतो, आणि 'अक्का' म्हणतो. भांडला असता तर बरं झालं असतं.

परवाना आला त्या दिवशी मी पेढे घेऊन सातपुतेसरांच्या घरी गेले. ते माझा अहवाल आधीच काढून वाचत बसले होते. पेढ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"कपाटामागचा खांब तुला कसा दिसला?"

"दिसला नाही सर. माहीत होता."

"मी गेलो होतो त्या घरात. मला दिसला नव्हता. दुसरा कुणी उमेदवार गेला असता तर त्याला दिसला असता?"

मी विचार केला. तो नव्या भिंतीचा एक, पुढच्या दाराचे दोन आणि जिन्याखालचा एक खांब धरून बसला असता. आकडा सव्वीस-सत्तावीसच्या आसपास आला असता. खाली भेट आली की आप्पा उठले असते, आणि त्यांच्यानंतर जिनपाल उठला असता. त्याला ती सवय लागत आली होती. कधी तरी सवडीने त्यांनी त्या खांबाला नव्या सळ्यांचं आवरणही घातलं असतं. मला हे सगळं त्या खुर्चीवर बसल्या बसल्या दिसलं.

"नाही," मी म्हटलं.

"त्या घरच्या लेकीलाच ठाऊक असेल असा खांब तू मोजलास," सर म्हणाले, "आणि खाली लिहिलंस, संबंध नाही." त्यांनी अहवाल मिटून माझ्यापुढे सरकवला. ते रागावले नव्हते. थकल्यासारखे दिसत होते. पेढे मी तसेच परत आणले.

आप्पांनी मिरजेत कशाचीच तक्रार केली नाही. चौथ्या मजल्यावर आवाज म्हणून नसतो. पहिल्याच आठवड्यात ते जेवता जेवता उठले, बैठकीच्या कोपऱ्यात गेले, कोऱ्या भिंतीपाशी हात वर करून खाली ओढला, थोडं थांबले, पुन्हा वर केला आणि येऊन उरलेला भात संपवला. मुलं आधी हसली. मग त्यांनी हसायचं सोडलं. दिवसातून पाच-सात वेळा हे व्हायचं. सुरुवातीला मी दंडाला धरून परत आणत असे. एकदा त्यांनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, "मोजणी चाललीय का अजून?" त्यानंतर मी त्यांना अडवलं नाही.

घर मी वर्षाला एकदा तरी बघून येत होते. माग गेले म्हणजे हिसके गेले, तेव्हा ते टिकायला हवं होतं. पण लाल पट्टीच्या घरात कुणी पाऊल टाकायचं नाही असा नियम, त्यामुळे पन्हळ कोण साफ करणार? पहिल्या वर्षी गच्चीवर पाणी साठलं. दुसऱ्या वर्षी खिडक्यांच्या चौकटी चोरीला गेल्या. चौथ्या वर्षी कोपऱ्यातल्या खांबाच्या माथ्यावर पिंपळाचं रोप उगवलेलं मी रस्त्यावरून पाहिलं. शिडी लावून सहज उपटता आलं असतं, पण आत जायला बंदी होती, आणि परवाना असलेल्या माणसाने नियम मोडणं बरं दिसत नाही. मी बघून परत आले.

या वर्षी मार्चमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास, कोपरा आधी बसला आणि मग सगळं घर बसलं. गल्लीत कुणाला खरचटलंही नाही. पंधरा दिवसांनी मला पत्र आलं, चांगल्या जाड कागदावर. माझ्या पहिल्या अहवालातला अंदाज एका महिन्याच्या फरकाने बरोबर ठरल्याबद्दल अचूकतेचं प्रमाणपत्र होतं. ही नोंद पाटीच्या पुढच्या शिक्षणासाठी वापरली जाईल, असंही लिहिलं होतं. त्या प्रमाणपत्रामुळेच संस्थेने मला व्याख्यानाला बोलावलं.

पत्र आलं तेव्हा आप्पा खिडकीशी बसले होते. आता ते ऐंशीचे आहेत, शर्टाची बटणं मी लावून देते. माझ्या हातातला कागद बघून त्यांनी विचारलं, "कसला कागद?"

लपवून ठेवायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघून गेलं. "घर पडलं, आप्पा." मी त्यांच्या कानाशी पुन्हा एकदा सांगितलं.

"कुणाला लागलं?"

"कुणाला नाही."

"तू किती दिलीवतीस?"

"सहा वर्षं, एक महिना."

"आन पडलं कवा?"

"सहा वर्षं, दोन महिन्यांनी."

ते बोटांवर काही तरी मोजत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला, माझा जिल्ह्यात तिसरा नंबर आल्यावर उजळला होता तसा. "बरोबर आलं की गं," ते म्हणाले. "हुशार हाय माझी पोरगी." त्यांच्या आवाजात टोमणा आहे का ते मी शोधलं. टोमणा असता तर मी पाय धरले असते. तो नव्हता.

थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "आन माझा?" त्यांनी विचारलं. "माझा आकडा किती येतोय?"

डॉक्टरांनी मला मागच्याच आठवड्यात बाहेर बोलावून सांगितलं होतं. पण मला दुसराच आकडा आठवला, खोटा, हसण्यावारी नेलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो द्यावासा वाटला.

"तीस," मी म्हटलं. "तीस वर्षं, आप्पा."

"अट?"

ती सांगणं भाग होतं. त्यांना पाठ होती.

"योग्य देखभाल झाल्यास."

आप्पा बैठकीच्या कोपऱ्याकडे, हँडल नसलेल्या त्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसले.

"मग न्हाई व्हायची तीस," ते म्हणाले, आणि चहा झालाय का ते विचारलं.